सिंह खटला : न्यायालयाने दार उघडले नव्हते, सुनावणी दिली होती

१/ ‘न्यायाधीशांनी कॅनडाचे दरवाजे निर्वासितांसाठी सताड उघडले’, असे सिंह खटल्याविषयी आजही छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी निकालपत्र वाचलेले नसावे. ४ एप्रिल १९८५ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाही अर्जदाराला निर्वासित ठरवले नाही.

२/ अपीलकर्ते सात : सहा भारतीय नागरिक असलेले शीख आणि एक भारतीय वंशाची गयानाची नागरिक. मायदेशी परतल्यास छळ होईल, हा त्यांचा दावा. १९७६ च्या कायद्यानुसार अधिकारी अर्जदाराचा शपथेवर जबाब घेई, त्याची लेखी प्रत सल्लागार समितीकडे जाई आणि तिच्या सल्ल्याने मंत्री निर्णय देत. निर्णय देणाऱ्याने अर्जदाराचा चेहराही पाहिलेला नसे.

३/ नकारानंतर इमिग्रेशन अपील बोर्डाकडे फेरविचाराचा अर्ज करता येई. खरी मेख तिथे होती. सुनावणीत दावा सिद्ध होऊ शकेल असे कागदांवरून वाटले, तरच बोर्ड सुनावणी देई. म्हणजे सुनावणी मिळवण्यासाठी आधी सुनावणीविनाच बाजू पटवून द्यायची! शिवाय सरकारने कोणत्या माहितीच्या आधारे नकार दिला, हे अर्जदाराला कळेलच याची शाश्वती नव्हती. न पाहिलेल्या आरोपाचे खंडन कसे करायचे?

४/ न्या. बर्था विल्सन (त्या न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश) यांनी १९८२ च्या हक्कसनदेतील सातव्या कलमाचा आधार घेतला. तिथे ‘प्रत्येकाला’ असा शब्द आहे, ‘नागरिकाला’ असा नाही. कॅनडाच्या भूमीवर प्रत्यक्ष असलेला प्रत्येक माणूस त्यात आला. (आपल्या २१ व्या अनुच्छेदातही ‘व्यक्ती’ हाच शब्द आहे.) माणूस खरे बोलतो की खोटे, हाच प्रश्न असेल तर त्याला समोर बसवून ऐकलेच पाहिजे. प्रशासनाची सोय हे त्यावर उत्तर नव्हे.

५/ ‘न्यायालयीन अतिरेक’ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. निकाल देणारे न्यायाधीश सहा. त्यांपैकी तिघांनी सनदेला हातही लावला नाही. त्यांनी आधार घेतला १९६० च्या ‘बिल ऑफ राइट्स’चा. तो कायदा संसदेनेच केलेला, तोही डीफेनबेकर यांच्या पुराणमतवादी सरकारच्या काळात. सरकारला त्याच्याच शब्दाची आठवण करून देणे हा अतिरेक कसा?

६/ निकालानंतर प्रलंबित अर्जांचा डोंगर साचला, हे मात्र खरे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण सुनावणी घेणारे नवे मंडळ कामाला लागले १ जानेवारी १९८९ रोजी. मधल्या पावणेचार वर्षांच्या दिरंगाईचे खापर न्यायाधीशांच्या माथी फोडणे अप्रामाणिकपणाचे आहे. खोटा दावाही उलटतपासणीत उघडा पडतो, फायलीत तो सुखाने लपून राहतो.

७/ न्यायिक पुनर्विलोकनात न्यायालय सहसा आश्रय देत नाही. नकार रीतसर आणि वाजवी कारणांनी दिला गेला का, एवढेच ते तपासते. चूक आढळली तर प्रकरण परत पाठवते. तिथे पुन्हा नकार मिळू शकतो.

८/ आणि आजचे ते ‘सताड उघडे’ दार? कॅनडात दिलेल्या नकाराला फेडरल कोर्टात आव्हान द्यायचे तर सर्वसाधारण मुदत १५ दिवसांची. त्यातही आधी अनुमती मागावी लागते. ती नाकारली गेली तर बहुधा कारणे दिली जात नाहीत आणि त्या नकारावर अपीलही नाही.