थडग्याला दोर बांधू नका

इजिप्तच्या तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज सुमारे ३० मीटर खोल पडून आहे. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून ते बुडवलं. पोटात ट्रक, मोटारसायकली, रायफली आणि दारूगोळा. नऊ माणसं मेली. आज तिथं प्रवाळ आहे, बॅराकुडांचे थवे आहेत, कासवं आहेत आणि स्कूबा डायव्हिंगच्या पर्यटकांची झुंबड आहे.

मृत्यूतून जीवन फुललं, मग बिघडलं काय, असं मला विचारलं जातं. कब्रस्तानातही झाडं वाढतात, पाखरं घरटी करतात. म्हणून तिथला दगड उचलून कोणी दिवाणखान्यात मांडत नाही. इथं मात्र मोटारसायकलींचे सुटे भाग आठवण म्हणून उचलले गेले. पर्यटकांच्या बोटी थेट जहाजालाच दोर बांधतात आणि लाटांच्या हिसक्यांनी गंजलेलं लोखंड फाटतं. लोखंड कोसळलं की ज्या माशांचं कौतुक सांगता, त्यांचंही घर मोडतं. म्हणजे मेलेल्यांचा मान नाही आणि जिवंतांची काळजीही नाही!

कायद्याचं म्हणाल, तर युनेस्कोचा २००१ चा करार किमान शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या वारशाला संरक्षण देतो. या जहाजाची शंभरी २०४१ मध्ये भरेल. तोवर उरणार काय?

हे दूरचं दुखणं नव्हे. ब्रिटिश जहाजांवर आमच्या रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी पिढ्यानपिढ्या राबले. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींची नावं स्मारक म्हणून एका ग्रंथात नोंदली आहेत; त्याची एक प्रत चितगावात, दुसरी मुंबईच्या सीमेन्स होममध्ये. त्यांना माती मिळाली नाही, कबरीवर दगडही नाही. बुडालेलं जहाज हीच त्यांची कबर.

मी डायव्हिंग बंद करा म्हणत नाही. पाहिल्याशिवाय माणसाला आच लागत नाही, हे मान्य. पण बोटींसाठी जहाजापासून दूर, तळाशी पक्के नांगर टाका. रोजची संख्या ठरवा. वस्तू उचलणाऱ्याला जबर दंड करा. आणि पाण्यात उतरण्याआधी त्या नऊ जणांची नावं वाचून दाखवा. त्याला दोन मिनिटंही लागणार नाहीत. मोटारसायकली कोणत्या कंपनीच्या, हे सांगायला तुम्हाला वेळ मिळतोच ना?