घेण्याआधी घसरून पाहा

फराळाचे डबे घासून कपाटात जातात न जातात तोच इकडे स्कीच्या दुकानांच्या जाहिराती सुरू होतात. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडच्या आपल्या मंडळींचा पुढचा क्रम ठरलेला आहे. मुलं शाळेच्या स्की क्लबातून शिकतात. दोन वर्षं आईबाबा लॉजमध्ये थर्मास आणि थालीपिठं सांभाळत बसतात. तिसऱ्या वर्षी स्वतः भाड्याच्या स्कीज घालतात. आणि चौथ्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात, बटाटेवड्याच्या रांगेत, आम्हाला विचारतात, "यंदा स्कीज विकतच घ्याव्या म्हणतो. कुठल्या घेऊ?"

यावर आमचा उलट प्रश्न एकच असतो : तुम्ही उतरता कसे? नाव, रंग, किंमत हे सगळं त्यानंतर. आणि गाडं इथंच अडतं, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्यात फारसं कोणी देत नाही. एक पंथ अतिविनयाचा. "आमचं काय हो, मुलांच्या मागे कसेबसे घसरतो," असं म्हणणाऱ्या वहिनी प्रत्यक्ष डोंगरावर पाहाव्या, तर संथ लयीत सुरेख वळणं घेत खाली येत असतात. दुसरा पंथ "आपण ब्लॅक डायमंड करतो" असं सांगणाऱ्यांचा. केला असतो, नाही असं नाही. एकदा, आणि त्यातला निम्मा पाठीवर. पहिल्या पंथाला दुकानदार अशी स्की देतो की वर्षभरात कंटाळा यावा. दुसऱ्याला देतो ती वर्षभरात विकायला निघते.

वाटांच्या रंगांवरून आपली पातळी ठरवू नये हेही सांगून ठेवतो. हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा या खुणा त्या त्या डोंगरापुरत्या असतात. त्याच डोंगरावरच्या बाकीच्या वाटांच्या मानाने ही वाट सोपी की अवघड, एवढंच त्या सांगतात. पोकोनोजमधला काळा हिरा व्हर्माँटमध्ये निळ्या चौकोनात जमा होऊ शकतो.

मग पातळी ओळखायची कशी? मुलं ज्याला 'पिझ्झा' म्हणतात ती, पुढची टोकं जवळ आणि मागची फाकलेली अशी पाचर करूनच थांबता येत असेल, तर आपण नवशिके. निळ्या वाटेवर दोन्ही स्कीज समांतर ठेवून वळता येतं, पण उतार वाढला किंवा बर्फ कडक लागला की पिझ्झा परत येतो, असं असेल तर मधले. (आपल्यातले बहुतेक इथंच आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.) बर्फ कसाही असो, वळणाची रेघ आधी मनात आखून हव्या त्या वेगाने तीच रेघ काढता येत असेल, तर पुढचे. हे झालं कुवतीचं. आवड निराळी. एकाच कुवतीच्या नवराबायकोत एकाला आखूड, झटपट वळणं आवडतात आणि दुसऱ्याला अख्ख्या वाटेची रुंदी वापरत लांबलचक. दोघांना एकच स्की लागू पडेलच असं नाही.

आता थोडं यंत्रशास्त्र. आपल्यात इंजिनियरांना तोटा नाही, तेव्हा हा भाग कोणी गाळणार नाही अशी खात्री आहे! १९५० साली हॉवर्ड हेड या विमान कारखान्यातल्या इंजिनियराने लाकडाला धातूची जोड दिलेली स्की बाजारात आणली. तरी पुढची चाळीस वर्षं स्की दिसायला जवळजवळ सरळ पट्टीसारखीच राहिली. हात वर करून मनगटापर्यंत येईल ती आपली लांबी, असा हिशेब असे. १९९३ साली स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची, टोकांना रुंद आणि कमरेत चांगलीच बारीक अशी स्की आणली आणि दहाएक वर्षांत सगळा बाजार त्या आकाराकडे वळला. अशी स्की कडेवर कलती केली की वाकते आणि आपणहून कमान काढत जाते. त्यामुळे लांबीही उतरली. आज नवशिक्याला हनुवटीपर्यंत, मधल्याला नाकाच्या आसपास, आणि वेगवान उतरणाऱ्याला कपाळापर्यंत किंवा थोडी वर एवढी पुरते. वजनाने हलक्या माणसाने यातली आखूड बाजू धरावी, भारी माणसाने लांब. गराजमध्ये कोणाची तरी १९९० च्या आधीची दोन मीटरची जोडी फुकट मिळत असेल, तर ती भिंतीवर लावायला छान दिसते.

स्कीवर १२२-७४-१०४ असे आकडे छापलेले असतात. ती पुढची, कमरेची आणि मागची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेजारी वळणाची त्रिज्या असते, मीटरमध्ये. तेरा-चौदाच्या आतली स्की आखूड वळणांची, अठराच्या वरची लांब वळणांची. आपल्या पूर्वेकडे बर्फ पडतो, वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सकाळी त्याची फरशी झालेली असते. त्या फरशीवर कंबर ८० ते ८५ मिलिमीटरच्या आत असलेली बरी, कारण अरुंद स्की कडेवर लवकर चढते आणि धरून राहते. शंभरच्या वरच्या रुंद स्कीज भुसभुशीत, गुडघाभर बर्फासाठी. दोन वर्षांतून एकदा युटा-कोलोरॅडोला जाणाऱ्याने त्या तिथंच भाड्याने घ्याव्या.

कडकपणा मात्र कुठं छापलेला नसतो, आणि फसगत होते ती त्यातच. महाग स्की बहुधा कडक. ती वाकवायला वेग लागतो. वेग नसला तर ती वाकत नाही, वाकली नाही तर वळत नाही. मग माणूस खांद्यांनी ओढून वळवू पाहतो, मांड्या भरून येतात आणि दुपारी दोनला लॉज गाठावा लागतो. दुर्दैवाने त्याला वाटतं, आपलं वय झालं!

म्हणून आमचं म्हणणं, वर्षाला पाच-सहा दिवसच जाणं होत असेल तर भाड्याच्याच बऱ्या. त्याहून जास्त जात असाल, तर घ्या. पण आधी बूट. बूट स्वतःचे नसतील तर स्कीची परीक्षाच होत नाही, कारण पायाने दिलेला हुकूम बुटातच विरतो. माप पायाच्या लांबीचं, सेंटिमीटरमध्ये. आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटं पुढे टेकवावी. टाचेमागे एक ते दोन बोटं जागा राहिली तर माप ठीक. मोजा एकच, पातळ. पुण्याहून आलेले लोकरीचे मोजे दोन-दोन चढवले की पाय उबदार न होता दाबला जातो, आणि दाबला की आणखीच गारठतो.

आता परीक्षा. बऱ्याच डोंगरांवर आणि दुकानांत डेमो स्कीज मिळतात. कित्येक दुकानं ते भाडं खरेदीच्या किमतीतून वळतं करतात. आधी विचारून घ्यावं. आपले बूट, ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड बरोबर न्यावं, आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळावा. एकाच दिवशी तीन, फार तर चार जोड्या. वाट एकच, रोजच्या सवयीची. नव्या वाटेवर स्की कळत नाही, वाटच कळते. प्रत्येक जोडीवर दोन-तीन फेऱ्या : पहिली सावकाश, दुसरी नेहमीच्या वेगाने, तिसरीत एखादा कडक तुकडा मुद्दाम शोधून. वळण मनात आल्याबरोबर सुरू होतं की ओढावं लागतं? कडक बर्फावर कड धरते की खडखडत सरकते? वेग वाढला की टोकं फडफडतात का? आणि तळाशी पोचल्यावर मांड्या काय म्हणतात? लिफ्टवर बसल्या बसल्या दोन शब्द लिहून ठेवावे. चौथ्या जोडीपर्यंत पहिलीची आठवण पार पुसलेली असते. शेवटी पहिली जोडी पुन्हा एकदा घालावी, कारण सकाळच्या ताज्या पायांना सगळंच गोड लागतं. एखादी फारच निसटली तर तिची कड नखावर घासून पाहावी. नखाचा कीस निघाला नाही, तर ती बोथट आहे. दोष घडणीचा नाही, धारेचा. आणि वरची नक्षी बघून आधीच मन देऊन बसू नये, हे स्थळं पाहिलेल्या मंडळींना सांगायला नकोच.

मुलांच्या बाबतीत एक जुनी सवय सोडावी लागते. आपण कपडे घेतो वाढत्या अंगाचे. दोन वर्षं बाह्या दुमडायच्या. स्कीला बाह्या नसतात. लांब आणि कडक स्कीवर पोरगं मागे रेलून उतरायला शिकतं आणि ती खोड पुढं जाता जात नाही. त्यापेक्षा हंगामाचं भाडं भरावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मापाचं सामान घ्यायचं, वसंतात परत करायचं. थोरल्याचं सामान धाकट्याला द्यायला हरकत नाही, पण बाइंडिंग दुकानात नव्याने लावून घ्यावं.

बाइंडिंगबद्दल मात्र थट्टा नाही. पडल्यावर बूट कधी सुटावा हे त्यावरचा आकडा ठरवतो आणि तो आकडा निघतो आपण फॉर्मवर भरलेल्या माहितीवरून : वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, आणि टाइप १, २ की ३. नणंद शेजारी उभी आहे म्हणून कोणी वजन दहा पौंडांनी कमी लिहितं. मग धड उतरत असताना स्की भलत्या वेळी सुटते. कोणी रुबाबात टाइप ३ वर खूण करतं; तो आकडा वर जातो आणि हळू पडताना बूट सुटतच नाही. पन्नाशी गाठलेल्यांना तक्ता आपणहून एक पायरी खाली आणतो, त्यात अपमान नाही. नडगीचं हाड पूर्वी जितकं मोडायचं तितकं आता मोडत नाही, ते चांगल्या बाइंडिंगमुळेच. गुडघ्यातली लिगामेंट्स मात्र ते तितकीशी वाचवू शकत नाही. म्हणजे आकडा बरोबर असूनही गुडघा जाऊ शकतो. मग चुकीचा आकडा घेऊन वर कशाला जायचं? स्क्रूड्रायव्हर घेऊन तो घरी फिरवू नये, इंजिनियर असलात तरी.

जुन्या बाइंडिंगचीही अडचण असते. आपण कुठल्या मॉडेलांची हमी घेतो याची यादी कंपन्या दरवर्षी काढतात. यादीतून गेलेल्याला दुकानातला टेक्निशियन हात लावत नाही. तेव्हा शाळेच्या जिममध्ये भरणाऱ्या स्की स्वॅपला जाल, तर पैसे देण्याआधी मॉडेलचं नाव कुठल्याही स्कीच्या दुकानात फोन करून विचारा.

आणि घाई नसेल, तर मार्च-एप्रिलपर्यंत थांबा. हंगामाच्या शेवटी दुकानं त्याच डेमो स्कीज बऱ्याच स्वस्तात काढतात. स्टीलची कड किती उरली आहे आणि तळाला खोल चरे नाहीत ना, एवढं पाहावं. दोन्ही स्कीज तळाला तळ लावून धराव्या म्हणजे वाक लगेच कळतो. डेमोचं बाइंडिंग जरा जड, पण मागेपुढे सरकतं, त्यामुळे घरातल्या दोघांचे बूट त्यात बसू शकतात. फक्त माणूस बदलला की आकडा दुकानातून नव्याने लावून आणायचा.