घरप्रपंच : सेंद्रिय भाजी कधी घ्यावी, कधी नाही

‘सेंद्रिय’ अशी पाटी लावलेल्या भाजीचा भाव ऐकला की पदराची गाठ सुटता सुटत नाही. मुलाबाळांच्या पोटात औषध जाऊ नये असे प्रत्येकीलाच वाटते. पण सगळीच भाजी त्या भावाने घ्यायची तर मीठ-मिरचीला पैसे उरायचे नाहीत. म्हणून पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, ते आज पाहू.

जाड सालीची फळे साध्या भावाचीच घ्यावीत. केळी, अननस, फणस, कलिंगड आपण साल काढूनच खातो. कांद्याचेही तेच. तिथे जादा पैसे घालण्यात हशील नाही. पालेभाजी, भेंडी, मिरची, टोमॅटो, द्राक्षे मात्र पाना-सालीसकट पोटात जातात. चार पैसे जास्त मोजायचे तर यांच्यासाठी. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की वरवरचे औषध बरेचसे जाते. पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनलेले असते, ते धुऊन निघत नाही.

पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’ हे सरकारी चिन्ह पाहावे. आठवडा बाजारात वाटे लावून बसलेल्या बाईकडे असले चिन्ह नसते. तिला सरळ विचारावे, “बाय, काय फवारलंस, कधी फवारलंस?” गावठी भाजी म्हणजे बिनऔषधाची भाजी, असे मात्र धरून चालू नये.

सगळ्यांत स्वस्त भाजी आपल्याच परड्यात होते. पावसाळ्यात मांडवावर काकडी, पडवळ, दोडका. भातकापणीनंतर विहिरीच्या पाण्यावर माठ, मुळा, वांगी. वालासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण भूषण’ ही जात आहे. पहिल्या पावसाबरोबर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी फुकट मिळतात. फक्त तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी खुडू नये.

आता आपल्या रत्नागिरीकडची खरी मेख. मोहोराच्या दिवसांत तुडतुडा आणि भुरीसाठी हापूसच्या कलमांवर फवारणी होते. कलमाखाली किंवा शेजारी माठाचा वाफा असला तर वाऱ्याबरोबर औषध त्यावरही उतरते. आणि घरची भाजी म्हणून तीच आपण निर्धास्तपणे मुलांना वाढतो! औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वीची जी मुदत लिहिलेली असते, ती त्यावर नोंदलेल्या पिकापुरती असते. माठाला ती लावता येत नाही. अशी पालेभाजी खाऊ नये. वाफा कलमांपासून दूर, घराच्या मागच्या अंगाला करावा. फवारणीची बादली भाजी धुवायला कधीही घेऊ नये. कलमांसाठी आणलेले औषध उरले म्हणून वांग्यावर मारणे तर नकोच. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर मारायला २००५ सालापासूनच बंदी आहे.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी परडे, मग हंगामाची भाजी, आणि उरलेल्या पैशांत पालेभाजीसारखी एखादी सेंद्रिय जिन्नस. तेही जमले नाही तर साधी भाजी नीट धुऊन शिजवावी. औषधाच्या धास्तीने ताटातली भाजीच कमी करणे, यासारखे नुकसान दुसरे नाही.