विचारणारं कुणी हवं

‘उद्यापासून पहाटे फिरायला जायचं’ हा निश्चय मी किती वेळा मोडला, याचा हिशेब आमच्या घरात तोंडपाठ आहे. शेवटी शेजारचे अण्णा म्हणाले, “साडेपाचला फाटकाशी उभा राहतो.” तेव्हापासून जातो. झोप तेवढीच प्यारी आहे, पण थंडीत उभ्या राहिलेल्या माणसाला काय सांगायचं?

हल्ली यासाठी पैसे घेणारे ‘लाइफ कोच’ही मिळतात. त्यांच्या फीमधला मोठा भाग, मला वाटतं, एकाच प्रश्नाचा असतो : “मागच्या आठवड्यात ठरवलेलं केलंत का?”

हा प्रश्न फुकट आणि अधिक चांगला विचारला गेला तो कर्नाटकातल्या खेड्यांत. म्हैसूर जिल्ह्यातला एच. डी. कोटे हा काबिनी धरणाचा, जंगलाला लागून असलेला तालुका. मायराडा ही संस्था तिथं आणि राज्यात इतरत्र काम करीत होती. १९८४-८५ च्या सुमारास तिच्या कामातल्या काही मोठ्या सहकारी संस्था मोडल्या. तेव्हा सभासद लहान लहान गटांनी येऊन म्हणाले, कर्ज फेडतो, पण त्या सोसायटीकडे नाही. आमचा एकमेकांवर विश्वास आहे. मायराडानं पैसे गटांतच ठेवायला सांगितलं. १९८७ मध्ये नाबार्डनं या कामासाठी १० लाख रुपये दिले आणि १९९२ मध्ये देशभर ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडचे बचत गट त्याच वाटेवरचे.

पंधरा-वीस जणी, ठरलेला वार, सर्वांसमोर वाचलेली वही. उशीर झाला तर दंड, पण तो त्यांनीच ठरवलेला. आज सुशीला विचारणार, पुढच्या खेपेला तिलाच उत्तर द्यायचं. त्यामुळे प्रश्नाला धार असते, पण विष नसतं.

विचारणाऱ्याचा फक्त हप्ता अडकलेला असला, की तोच प्रश्न दमदाटी होतो. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०२५ मध्ये कर्नाटकात, सूक्ष्म कर्जवसुलीच्या जाचाविरुद्ध सरकारांना अध्यादेश काढावे लागले. दारात उभा राहणारा तो माणूस कर्जदाराच्या आजारपणाची चौकशी करायला आलेला नसतो.

परवा फाटकाशी कुणीच नव्हतं. पाच मिनिटं थांबलो, परत जाऊन अंथरुणात शिरावं असं वाटलंही. मग अण्णांची बेल वाजवली. ते पांघरुणातूनच ओरडले, “आलो, आलो, मफलर शोधतोय!”