सील बदलण्यापूर्वीं ब्रीदर पाहा

ट्रॅक्टरच्या एंजिनाखालीं तेल ठिबकूं लागलें कीं आमचे शेतकरी बंधु प्रथम सील बदलवितात. परंतु पुष्कळदां महिन्याभरांत तेल पुन्हां गळूं लागतें. अशा वेळीं दोष सीलचा नसून कोंडलेल्या दाबाचा असूं शकतो. जळालेल्या वायूचा कांहीं अंश पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खालीं क्रँककेसमध्यें उतरतो. त्यास बाहेर पडावयास ब्रीदर ठेवलेला असतो. शेतांतील धूळ व तेलाचा चिकटा यांनीं ब्रीदर तुंबला, म्हणजे आंतील दाब वाढतो आणि तेल सांपडेल त्या सांध्यांतून वाट काढतें. मोटारींत हा वायु झडपेवाटे पुन्हां एंजिनांत ओढून जाळतात. ती झडप तुंबली तरी परिणाम तोच.

यास्तव आमचें स्पष्ट मत आहे कीं, प्रत्येक तेलबदलाच्या वेळीं ब्रीदर तपासावा व त्याची तारेची जाळी डिझेलमध्यें धुवून, वाळवून बसवावी. त्यानंतरही ब्रीदरांतून धूर जोरानें येत राहिला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याचा संशय धरून एंजिन तपासून घ्यावें. ब्रीदरांत बोळा कोंबणें हा तर केवळ आत्मघात होय. सीलचे पैसे देण्यापूर्वीं मेकॅनिकास एवढेंच विचारावें: ब्रीदर पाहिला काय?