खर्ड्याच्या इतिहासात आपले चित्र कुठे आहे?

जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या किल्ल्यावर ऑक्टोबर 2021 मध्ये 74 मीटर उंचीचा भगवा स्वराज्य ध्वज उभा राहिला. 11 मार्च 1795 रोजी याच परिसरात मराठ्यांनी निजामाचा पराभव केला होता. इतिहास जपण्याला आमचा विरोध नाही. पण त्या इतिहासात कोण दिसते आणि कोण पुसले जाते, हे विचारणे आम्हाला भाग आहे.

या लढाईत शिदनाक महार लढला. त्याचा तंबू सरदारांच्या तंबूंशेजारी नको, अशी तक्रार झाली. तेव्हा ही जेवणाची पंगत नव्हे, रणभूमी आहे, असे हिरोजी पाटणकरांनी सुनावले. पुढे शिदनाकानेच परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला, अशी कथा चळवळीत सांगितली जाते. रणात तो चालला, पंगतीत मात्र चालला नाही. त्याच पेशवाईतला गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू वागवणारा माणूस नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी आपल्या चित्रांत समोर आणून उभा केला.

23 वर्षांनी, 1 जानेवारी 1818 ला, आपले पूर्वज कोरेगावला कंपनीच्या बाजूने लढले. तिथल्या स्तंभावर 'नाक' प्रत्यय असलेली त्यांची नावे कोरली गेली. पण इंग्रज आपले तारणहार होते, असा याचा अर्थ लावू नये. त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. साम्राज्याने स्वतःच्या विजयासाठी उभारलेल्या त्या दगडाला स्वाभिमानाचा अर्थ दिला तो 1927 साली तिथे गेलेल्या बाबासाहेबांनी. मुंबईचे विक्रांत भिसे यांच्यासारखे चित्रकार आज तीच स्मृती रंगांत मांडत आहेत.

फेब्रुवारी 2014 मध्ये 'फँड्री' प्रदर्शित झाला. फुले, शाहू, आंबेडकरांची चित्रे असलेल्या भिंतीसमोरून मेलेले डुक्कर वाहून नेणारे कुटुंब साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अडीच महिन्यांतच, 28 एप्रिलला, खर्ड्यात 17 वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये नऊ आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयात साक्ष टिकली नाही, म्हणून समाजाची साक्ष संपते का?

तरुण मित्रांनो, इथेच चित्रकलेचे काम सुरू होते. पूर्वजांचे स्वप्न राज्य मिळवण्याचे नव्हते, माणूस म्हणून शेजारी बसण्याचे होते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी त्या स्वप्नाला धम्माची वाट दिली. आपल्या विहारांच्या भिंतींवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेतच. त्यांच्याशेजारी शिदनाक आणि नितीनही हवेत. आजी-आजोबांकडून ऐका, नाव-गाव-तारखेसह लिहून ठेवा, आणि मग रंगवा. आपण रंगवले नाही, तर खर्ड्याच्या इतिहासात आपण दिसणार नाही.

जय भीम.