वायरमनच्या हाती छोटा संगणक द्या

जुना पंखा मंद झाला की वायरमन येतो, कपॅसिटर बदलतो आणि थोडक्यात काम आटोपते. ब्रशलेस मोटरचा, म्हणजे दुकानदार ज्याला ‘बीएलडीसी’ म्हणतो तो पंखा बंद पडला, की तोच मुरलेला माणूस आतली सर्किटची पट्टी पाहतो आणि झाकण परत लावून टाकतो. ‘अख्खा बोर्ड बदलावा लागेल, कंपनीला फोन करा.’ यात त्याचा दोष नाही. त्याला हे काम कुणी शिकवलेलेच नाही. शिकवायला लागणारे साहित्य मात्र आज इतके स्वस्त झाले आहे, की न शिकवण्याला कारण उरलेले नाही.

साध्या डीसी मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या भागाला घासत राहतात आणि कोणत्या वेटोळ्यातून वीज जायची ते त्या घासण्यातूनच ठरते. ब्रशलेस मोटरमध्ये फिरतात ती चुंबके. तांब्याची वेटोळी जागेवरच असतात आणि त्यांच्या तीन तारा बाहेर येतात. कोणत्या तारेत केव्हा वीज सोडायची हे सहा मॉस्फेट, म्हणजे विजेचे इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि त्यांना हुकूम देणारी एक चिप पाहते. १९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी शोधनिबंधात मांडलेली ही कल्पना आज घरोघरी छताला टांगलेली आहे आणि ७५ वॅटऐवजी तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देते आहे. विजेवरच्या स्कूटरी, ई-रिक्षा आणि ड्रोनही तिच्यावरच चालतात.

ही मोटर एकदा हातात घेऊन पाहावी. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ड्रोनची मोटर सहज मिळते. तिन्ही तारा मोकळ्या ठेवून ती बोटांनी फिरवली तर चुंबकांचे हलके झटके देत फिरते. मग त्याच तारांची उघडी टोके एकत्र पिळावीत आणि पुन्हा फिरवावी. आता ती काकवीत बुडवल्यासारखी जड लागते. फिरवताना मोटर स्वतःच वीज तयार करते, ती वीज वेटोळ्यांत खेळते आणि फिरण्यालाच विरोध करते. पुस्तकातली दोन पाने वाचून जे कळत नाही, ते इथे बोटांना कळते.

मोटरच्या जोडीला लागतो तो छोटा संगणक. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमधल्या केंब्रिजहून रास्पबेरी पाय हा एका पट्टीवरचा संगणक ३५ डॉलरला विक्रीला आला. शाळकरी मुलांनी प्रोग्रामिंग शिकावे हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे तो डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टांत पोहोचला, पण तिथली रीत ठरून गेली आहे. मोटर चालवणारा तयार नियंत्रक, म्हणजे ईएससी, विकत आणायचा, पायकडून त्याला सेकंदाला पन्नास वेळा एक ते दोन मिलिसेकंदांचा पल्स द्यायचा. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे पूर्ण वेग. मोटर घोंगावली की व्हायवा पार! खरे काम त्या ईएससीच्या वेष्टनात चालते, आणि तिथे डोकावायला कुणी सांगत नाही.

मग पायनेच सहा मॉस्फेट का चालवू नयेत? हा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडायला हवा. ड्रोनच्या मोटरमध्ये बहुधा १४ चुंबके, म्हणजे सात जोड्या असतात. दर जोडीमागे सहा वेळा विजेची वाट बदलावी लागते, म्हणजे एका फेरीत ४२ वेळा. मिनिटाला १०,००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला ७,००० बदल झाले आणि दोन बदलांमध्ये उरले जेमतेम १४३ मायक्रोसेकंद. लिनक्सवर चालणाऱ्या पायच्या मागे त्याच वेळी वाय-फाय, मेमरी कार्ड, पडदा अशी कामे लागलेली असतात. त्याला एखादा मिलिसेकंद उशीर झाला तर सात बदल चुकले. मोटर अडखळते, तापते. एकाच तारेचे वरचे आणि खालचे मॉस्फेट एकदम चालू राहिले, तर बॅटरी थेट शॉर्ट होते आणि मॉस्फेट जळतात.

या घाईच्या कामाला जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला आलेली रास्पबेरी पायचीच छोटी पट्टी, पिको, अधिक योग्य. तिच्यावर लिनक्स नाही, त्यामुळे ती वेळेला पक्की असते. पायने वेग किती हवा ते सांगावे, तापमानाच्या नोंदी ठेवाव्यात, आलेख काढावेत. तारांमधली वीज वळवण्याचे काम पिकोने करावे. पायमधला प्रोग्राम कोलमडला तरी त्याच्या हार्डवेअरमधून निघणारा पल्स चालू राहू शकतो आणि मोटर फिरतच राहते. म्हणून पायकडून खबर यायची थांबली की मोटर बंद करणारी व्यवस्था पिकोत हवी, आणि टेबलावरच्या चाचणीत ड्रोनचे पाते काढलेलेच असले पाहिजे. ही शिस्त पहिल्याच तासाला लावावी.

दुरुस्तीत मात्र पायचा हा उशीर आड येत नाही. स्कूटरच्या चाकातल्या मोटरमध्ये चुंबकांची जागा ओळखणारे तीन हॉल सेन्सर असतात आणि प्रत्येक जण शून्य किंवा एक सांगतो. एकूण आठ जुळण्या शक्य असल्या, तरी नेहमीच्या १२० अंशांच्या बसवणीत धडधाकट मोटर त्यांतल्या सहाच दाखवते. तीन शून्ये किंवा तीन एक एकत्र येत नाहीत. सेन्सरच्या तारा पायला जोडायच्या (त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात, पाच नव्हे) आणि चाक हाताने सावकाश फिरवायचे. पडद्यावर ००० किंवा १११ उमटले की एखादा सेन्सर किंवा त्याची तार गेली. जो आकडा बदलतच नाही, तोच सेन्सर तपासायचा. कंपनीचे महागडे यंत्र नसलेल्या मिस्त्रीला याहून सोपी तपासणी कोणती मिळणार?

हा धडा आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात आणि पॉलिटेक्निकमध्ये सक्तीचा व्हावा. कंपन्यांनी बोर्डाचा नकाशा आणि सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यावेत, नाहीतर एका सेन्सरपायी गिऱ्हाइकाला अख्खी मोटर बदलावी लागते. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मोटर फिरवून दाखवण्याला गुण देणे बंद करावे. एक तार आतून तोडलेली मोटर विद्यार्थ्यापुढे ठेवावी आणि दोष शोधून तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगावे.